अनुभव धागा : झामरिन, एमव्हीव्हीएम आणि हलकं फ्रेमवर्क

झामरिन म्हणजे एकाच सी-शार्प कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप्स करायचं मायक्रोसॉफ्टचं साधन; १ मे २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला. झामरिनवर ॲप्स करताना एमव्हीव्हीएमसाठी (स्क्रीन आणि तिच्यामागचं काम वेगळं ठेवायची पद्धत) फ्रेशएमव्हीव्हीएमसारखं छोटं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, ज्यांनी वापरलं, त्यांनी इथे लिहावं. कुठलं फ्रेमवर्क श्रेष्ठ हा वाद नको. तुमच्या ॲपात काय घडलं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. आमचं ॲप दूध संकलनाचं. केंद्रावरच्या मुलांकडे अँड्रॉइड फोन, ऑफिसात आयपॅड. पहिल्या आवृत्तीत सगळं कोड-बिहाइंडमध्ये, म्हणजे स्क्रीनला चिकटलेल्या कोडमध्ये, होतं. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) टाकून बटण दाबलं की दर काढायचा, तोही क्लिक हँडलरमध्येच. बिलाच्या स्क्रीनवर तोच कोड मी कॉपी केला होता. दरपत्रक बदललं तेव्हा बदल एकाच ठिकाणी झाला. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर एक रक्कम आणि दहा दिवसांच्या बिलात दुसरी. त्या आठवड्यात केंद्रावर जाताना पाय जड व्हायचे.

मग दर काढणारा क्लास वेगळा केला आणि प्रत्येक पेजला (स्क्रीनला) पेजमॉडेल, म्हणजे तिच्यामागचं काम सांभाळणारा क्लास, दिलं. फ्रेमवर्कसोबत टायनीआयओसी (लागणारे क्लास आपणहून पुरवणारा भाग) येतोच. सुरुवातीला क्लास रजिस्टर केला की पेजमॉडेलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हजर. आता दर एकाच जागी निघतो.

———

हे फ्रेमवर्क पेज आणि पेजमॉडेल नावावरून जोडतं, त्यात मी अडकले होते. फोल्डर नीट लावावेत म्हणून बिलाचं पेज मी नव्या नेमस्पेसमध्ये (क्लासच्या पूर्ण नावाचा सुरुवातीचा भाग) हलवलं, पेजमॉडेल जुन्यातच राहिलं. बिल्ड स्वच्छ. टेस्टरने ‘बिल पाहा’ दाबलं आणि ॲप बंद. जोडणी ॲप चालू असताना पूर्ण नावावरून होते, त्यामुळे कंपायलरला काहीच कळत नाही. तेव्हापासून एक टेस्ट ठेवली आहे : प्रत्येक पेजमॉडेल घ्यायचं आणि त्याचं पेज सापडतं का पाहायचं. दहा-बारा ओळींचं काम, जरूर करा.

———

तीन स्क्रीनचं ॲप असेल तर कशाला हवं? मी साधं बाइंडिंग (स्क्रीन डेटाशी जोडणं) आणि आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड (डेटा बदलल्याचं स्क्रीनला कळवणारा इंटरफेस) एवढ्यावर भागवलं, कधी अडलं नाही.

———

मला फ्रेशएमव्हीव्हीएममध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट रिव्हर्सइनिट, म्हणजे मागच्या स्क्रीनला डेटा परत देणारी मेथड. ऑर्डरच्या स्क्रीनवरून ग्राहक निवडायला पुढे जायचं आणि निवडलेला ग्राहक घेऊन परत यायचं, एवढंच काम. आधी मी ते मेसेजिंगसेंटरने (ॲपच्या भागांत संदेश पाठवायची झामरिनची सोय) करायचो. सबस्क्राइब केलेलं सोडायला विसरलो, की चौथ्यांदा स्क्रीन उघडल्यावर एकच ग्राहक चारदा येऊन पडायचा. इथे पुढे जाताना डेटा इनिटमध्ये मिळतो, आणि पॉपपेजमॉडेलला ग्राहक दिला की मागच्या पेजमॉडेलच्या रिव्हर्सइनिटमध्ये पोचतो. मात्र दोन्हीकडे तो ऑब्जेक्ट म्हणून येतो, कास्ट, म्हणजे नेमक्या प्रकारात बदल, आपणच करायचा. चुकीचा प्रकार पाठवला तर चालवल्यावरच समजतं.

नव्या मुलांना शिकवायलाही हे बरं. एका दुपारी सगळा सोर्स वाचून होतो. कोअरमेथड्स (पेजमॉडेलमधून स्क्रीन बदलायची सोय) म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच उघडून पाहिलं.

———

आमचं स्थलांतर नुकतंच झालं, झामरिनची जागा घेणाऱ्या डॉटनेट माउईवर. प्रॉपर्टी आणि कमांडसाठी कम्युनिटी टूलकिटचं एमव्हीव्हीएम घेतलं. पूर्वी फोडी नावाचं साधन बिल्डच्या वेळी प्रॉपर्टीचेंज्डचा कोड विणून द्यायचं. आता फील्डवर ऑब्झर्व्हेबलप्रॉपर्टी लिहिलं की सोर्स जनरेटर (बिल्डच्या वेळी कोड लिहून देणारा) प्रॉपर्टी तयार करतो, आणि तयार झालेला कोड डोळ्यांनी वाचताही येतो. हा भाग भराभर उरकला.

दमवलं ते नेव्हिगेशनने, म्हणजे एका स्क्रीनवरून दुसरीवर जाण्याच्या कोडने. पुढची स्क्रीन उघडणारं पुशपेजमॉडेल प्रत्येक पेजमॉडेलमध्ये थेट लिहिलेलं होतं. शेलवर (माउईच्या नेव्हिगेशनवर) जाताना त्यातली एकेक ओळ शोधून बदलावी लागली. नेव्हिगेशनसाठी आपला एक छोटा इंटरफेस आधीच लिहून त्यामागे फ्रेमवर्क ठेवलं असतं, तर बदल एका फाइलीत झाला असता. आता नव्या ॲपात पहिल्या दिवशी तो इंटरफेस लिहितो.

दूध संकलनवाल्या दादांना विचारायचं होतं, तुमचं दराचं गणित हलवताना काही त्रास झाला का?

———

नाही. त्या क्लासमध्ये झामरिनचा एकही संदर्भ नव्हता. फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये टाकली, जुन्या टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. माझे दिवस गेले ते पावतीच्या ब्लूटूथ प्रिंटरमध्ये. त्याचं सविस्तर नंतर लिहितो, आज केंद्रावर संध्याकाळची पाळी आहे.