लेझर कटर की थ्रीडी प्रिंटर: नवशिक्यांचा हात आधी कशावर बसवावा?

प्रश्न
१६ प्रशिक्षणार्थी, १ लेझर कटर, २ थ्रीडी प्रिंटर, ५ दिवस. ड्रॉइंग सगळ्यांना येतं, पण मशीन कुणीच चालवलेलं नाही. सुरुवात कशाने करावी? आणि प्रिंटरपाशी रांग लागते, त्याचं काय करायचं?

उत्तर १
लेझरने. तिथे चूक दोन मिनिटांत हातात येते. पहिल्या दिवशी कीचेन नको, कर्फ मोजायला लावा, म्हणजे किरणाने खाल्लेली रुंदी. प्लायवर १०० मिमी लांब आयत काढून त्याचे १० समान तुकडे पाडा, बाहेरची चौकटही कापा. तुकडे चौकटीत एका बाजूला सरकवा, उरलेली फट व्हर्नियरने मोजा आणि ११ने भागा. तुकडे दहा असले तरी काप अकरा आहेत, इथे हमखास गल्लत होते. फट १.६५ मिमी आली तर कर्फ ०.१५.

मग प्लायची जाडी मोजा. ‘३ मिमी’ प्लाय नेमका ३ भरेलच असं नाही. २.८ भरला तर त्यात दुसरा तुकडा बसवायची खाच ०.१५ कर्फ वजा करून २.६५ची काढायची. खात्रीसाठी २.५० ते २.८०, दर ०.०५ने वाढणाऱ्या ७ खाचांचा कंगवा कापा. अंगठ्याने दाबून बसते आणि उलटं धरलं तरी सुटत नाही, ती खाच बरोबर.

पीव्हीसी आणि रेक्झिन लेझरखाली अजिबात नको. हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसांना घातक, मशीनही गंजतं. कटिंग चालू असताना मशीन सोडून जायचं नाही, हे पहिल्याच तासाला अंगवळणी पडू द्या.

उत्तर २
रांगेवर उपाय: दोघांत एक छोटा भाग. १० मिमीची पिन आणि १०.१ ते १०.४ची चार भोकं असलेली ३ मिमी जाड पट्टी. भोकं ड्रॉइंगपेक्षा लहान उतरतात, ते इथेच कळतं. पीएलए या प्लास्टिकला नोझल (ते वितळवून सोडणारी तोटी) २०५, बेड (ज्यावर भाग छापतो ती पाटी) ६० अंश सेल्सियस ठेवा.
पहिला थर मात्र प्रत्येकाने वाकून बघायलाच हवा. रेषा सुट्या, दोऱ्यासारख्या गोल दिसल्या तर नोझल उंच आहे. थर पारदर्शक आणि खरवडलेला दिसला तर फार खाली. झेड ऑफसेट, म्हणजे नोझल आणि बेडमधलं अंतर ठरवणारी सेटिंग, मुद्दाम ०.१ मिमीने बिघडवून द्या आणि त्यांनाच दुरुस्त करू द्या.

प्रश्नकर्ता
कंगवा कापला. २.६५ची खाच एका टोकाला घट्ट, पण शीटच्या दुसऱ्या टोकाला तीच सैल. असं का?

उत्तर १
बहुतेक प्लाय वाकलाय. तो उचलला गेला की फोकस हलतो, किरण रुंद पडतो आणि कर्फ वाढतो. फोकसचा ठोकळा (लेझरचं डोकं शीटपासून नेमक्या उंचीवर ठेवायचं माप) चारही कोपऱ्यांत लावून बघा, कडांवर वजनं ठेवा. तरीही फरक राहिला तर दोन्ही टोकांची जाडी मोजा. एकाच शीटमध्येही ती बदलते.