साठा-प्रणालीचं मॅन्युअल लिहायचंय, नियोजन कसं करू?

चाचणीवाली:
नमस्कार. मी टेस्टिंगच्या टीममध्ये आहे. गोदामातल्या मालाची आवक-जावक सांभाळणारी आमची प्रणाली दोनेक महिन्यांत ग्राहकाकडे चालू होणार आहे. करारात 'युजर मॅन्युअल व तांत्रिक दस्तऐवज' एवढी एकच ओळ आहे आणि ते काम माझ्याकडे आलंय. नमुना म्हणून एका जुन्या प्रोजेक्टची फाइल मिळाली आहे. तिची अनुक्रमणिका अशी: लॉगिन, मुख्य स्क्रीन, आवक, जावक, समायोजन, अहवाल, सेटिंग. प्रत्येक स्क्रीनचा फोटो आणि त्याखाली प्रत्येक बटणाचा अर्थ.

याच साच्यात लिहू का? सगळं एका फाइलमध्ये ठेवू की वेगवेगळं? स्क्रीन अजून दर आठवड्याला बदलताहेत, मग लिहायला घ्यायचं तरी कधी? डेव्हलपर मंडळींकडे वेळ नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

टाकबोरू:
नमुना बाजूला ठेवा. मी अनेक वर्षं हेच काम करतो आहे, म्हणून ठामपणे सांगतो. मेनूच्या क्रमाने लावलेलं मॅन्युअल प्रणाली बनवणाऱ्याला बरं वाटतं, वापरणाऱ्याला त्यात काही सापडत नाही. दारात ट्रक उभा आहे, चलानवर १०० नग लिहिलेत, उतरलेत ९५. आता काय भरायचं? याचं उत्तर तुमच्या नमुन्यात आवक, समायोजन आणि अहवाल अशा तीन प्रकरणांत विखुरलेलं असणार. त्या माणसाला 'चलानपेक्षा माल कमी आला तर' असा मथळा हवा आणि त्याखाली सगळं एका जागी हवं.

सुरुवातीला लिहूच नका, एक तक्ता करा. ही प्रणाली कोण कोण वापरणार? माल उतरवून घेणारा, हिशेब बघणारा, मॅनेजर, सर्व्हर सांभाळणारा, उद्या कोड हातात घेणारा नवा डेव्हलपर. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची कामं लिहा. मग प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी: ते किती वेळा होतं आणि चुकलं तर काय बिघडतं. कुठे किती पानं खर्चायची हे या दोन रकान्यांवरून ठरतं. रोजचं काम दोन दिवसांत हाताला बसतं, त्याला अर्धं पान पुष्कळ झालं. वर्षातून एकदा होणारी साठामोजणी किंवा बॅकअपवरून डेटा परत आणणं, ही कामं कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि चुकली तर महागात पडतात. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक मॅन्युअलांत नेमकं उलटं असतं: लॉगिनवर चार पानं, बॅकअप परत आणण्यावर चार ओळी. हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या दिवशी माणूस घाबरून मॅन्युअल उघडतो, त्याच दिवशी ते त्याला दगा देतं.

एक फाइल की अनेक? अनेक. डिटा नावाची तांत्रिक मजकूर लिहिण्याची एक रचना आहे. ती आयबीएममध्ये तयार झाली आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने तिचं पहिलं मानक मंजूर केलं. तिच्यात मजकुराचे मूळ प्रकार तीन: संकल्पना, कृती आणि संदर्भ. तिची एक्सएमएलची (मजकुरात खुणा घालून तो साठवण्याच्या भाषेची) अवजारं तुमच्या कामाला लागणार नाहीत, पण ही विभागणी जरूर घ्या. डॅनिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस ही पद्धतही अशीच आहे, फक्त तिथे शिकवणीचा धडा हा चौथा खण आहे. 'सरासरी खरेदी दर कसा निघतो' हे संकल्पनेच्या पानावर. 'दर कसा बदलायचा' हे कृतीच्या पानावर. कुठल्या रकान्यात किती अक्षरं चालतात, हे संदर्भाच्या तक्त्यात. हे सगळं एकात मिसळलं की पायऱ्या करत असलेला माणूस मध्येच तीन परिच्छेदांत अडकतो.

आता एक नमुना बघा. सरकारी वळणाचा मजकूर असा असतो:

'बॅकअप पुनर्स्थापित करण्याकरिता रिस्टोअर बटण दाबावे व फाइल निवडावी. सदर क्रियेमुळे विद्यमान डेटा नष्ट होतो याची नोंद घ्यावी.'

वाचणाऱ्याने पहिल्या वाक्यालाच बटण दाबलेलं असतं. मी हेच असं लिहीन:

सावधान: बॅकअप घेतल्यानंतर भरलेल्या सगळ्या नोंदी रिस्टोअर केल्यावर जातात. आधी सध्याच्या डेटाची प्रत काढून ठेवा.
१. सगळ्यांना लॉगआउट करायला सांगा. 'चालू सत्रे' यादीत फक्त तुमचं नाव उरलं पाहिजे.
२. 'देखभाल' मेनूतून 'रिस्टोअर' उघडा.
३. बॅकअपची फाइल निवडा. नावातली तारीख तपासा.
४. 'सुरू करा' दाबा. 'पूर्ण झाले' असा संदेश येईपर्यंत विंडो बंद करू नका.
५. 'आवक' अहवाल काढा. शेवटच्या नोंदीची तारीख बॅकअपच्या तारखेच्या पुढची नसावी.

इशारा कृतीच्या आधी. एका पायरीत एक काम, आणि ते जमलं हे कशावरून ओळखायचं ते तिथल्या तिथे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचे नियम केलेले आहेत, त्यात कृतीच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात काय करायचं हे कळायला अगदी टोकापर्यंत जावं लागतं. म्हणून मी २० च्याही खूप आत राहतो.

स्क्रीन बदलताहेत म्हणून थांबू नका. तक्ता, संकल्पना आणि कामांची यादी स्क्रीनवर अवलंबून नसते. फोटो अगदी शेवटी घ्या, तेही जिथे शब्दांत जागा सांगता येत नाही तिथेच. प्रत्येक फोटो पुढच्या आवृत्तीत पुन्हा काढावा लागतो.

रात्रपाळी:
मी सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी. आमच्या बाजूने थोडं सांगते. प्रणाली बंद पडली की मी मॅन्युअल वाचत नाही, स्क्रीनवर आलेला एरर कॉपी करून शोधते. त्यामुळे प्रत्येक एरर मेसेज जसाच्या तसा मजकूर म्हणून दस्तऐवजात असू द्या. फोटोतला मेसेज सर्चमध्ये सापडत नाही. त्याखाली एवढंच हवं: याचा अर्थ काय, कुठली लॉग फाइल (प्रणालीने स्वतः केलेल्या नोंदींची) बघायची, काय केलं तर सुटतं, आणि किती वेळात नाही सुटलं तर कुणाला उठवायचं. सर्व्हिसेस कुठल्या क्रमाने चालू करायच्या हेही हवं. डेटाबेसच्या आधी ॲप्लिकेशन चालू केलं तर काय होतं, हे रात्री दोन वाजता प्रयोग करून बघायची गोष्ट नाही.

आणि कळकळीने सांगते, हे दस्तऐवज त्याच सर्व्हरवर ठेवू नका. तो बंद असतानाच ते लागतात.

कमिट_रोज:
डेव्हलपरच्या बाजूने: मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या मजकुरात) लिहून कोडच्याच गिट रिपॉझिटरीत (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवा. मग स्क्रीन बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (बदल कोडमध्ये घेण्याच्या विनंतीतच) मॅन्युअलची ओळ बदलली की नाही, हे रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतं. स्फिंक्स हे अवजार पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजांसाठी तयार झालं, मार्कडाउनवरूनही ते वेबसाइट आणि पीडीएफ दोन्ही काढून देतं. एपीआयचा (दुसऱ्या प्रोग्रामने आपल्या प्रणालीशी बोलण्याच्या आज्ञांचा) संदर्भ तर कोडमधल्या कॉमेंटवरूनच निघतो, तो हाताने लिहूच नका.

टाकबोरू:
@कमिट_रोज, पूर्ण सहमत, पण एक भर. आपोआप निघालेला संदर्भ 'काय आहे' ते सांगतो, 'असं का' ते सांगत नाही. साठा ऋण होऊ द्यायचा नाही हे कुणी ठरवलं, कुठले पर्याय सोडून दिले, याची अर्ध्या पानाची नोंद त्याच वेळी लिहून ठेवा. वर्षभराने तो नियम कुणीतरी 'बग' समजून काढून टाकतो.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं आहे. त्यात प्रत्येक आज्ञेचं पान ठरलेल्या मथळ्यांचं होतं आणि त्यांत ज्ञात दोषांचा मथळा होता, ती आज्ञा कुणाच्या जबाबदारीची आहे हाही होता. आजच्या तांत्रिक दस्तऐवजांत नेमक्या या दोनच गोष्टी गाळल्या जातात. तुम्ही गाळू नका.

चाचणीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता आजच सुरू केला. दोन शंका उरल्या. हे बरोबर झालंय का, ते तपासायचं कसं? आणि आमचे मॅनेजर म्हणतात, पानं कमी दिसली तर ग्राहक कुरकुरेल.

टाकबोरू:
तपासायला असा माणूस बसवा ज्याने ही प्रणाली कधी बघितलेली नाही. हिशेब विभागातलं कुणीही चालेल. त्याला मॅन्युअल आणि एक काम द्या: 'चलानपेक्षा ५ नग कमी आलेत, नोंद करा.' तुम्ही शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. तो जिथे थांबेल, मागचं पान उलटेल, तुमच्याकडे बघेल, तिथे पेन्सिलने खूण करा. त्या ओळी दुरुस्त करा आणि पुढच्या वेळी दुसरा माणूस बसवा, पहिल्याला आता येतं. रिस्टोअरची कृती चाचणीच्या सर्व्हरवर खरोखर करून घ्या, वाचून 'ठीक आहे' म्हणण्यावर ती सोडू नका. हे तुम्हाला अवघड जाणार नाही, टेस्ट केस लिहिणारे कृती उत्तम लिहितात असा माझा अनुभव आहे.

मॅनेजरसाठी: आयएसओ २६५१४ हे वापरकर्त्यांसाठीच्या माहितीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची २०२२ ची आवृत्ती आहे. २६५१३ हे ती माहिती तपासण्याबद्दल आहे. त्यांचा आधार घेऊन ग्राहकाला आत्ताच कामांची यादी पाठवा: 'या या कामांचे दस्तऐवज देऊ, आणि तुमचा माणूस ते वाचून ही कामं करू शकला की स्वीकृती.' करारातल्या त्या एका ओळीला हे परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. लेखी होकार आला की पानांची चर्चा संपते. यादी ग्राहकाकडच्या गोदामातल्या माणसाला दाखवल्याशिवाय मात्र पक्की करू नका, निदान दोन कामं तरी तो अशी सांगेल जी तुमच्या तक्त्यात नाहीत.