९६ वर्षं जगल्या त्या काय वेळेवर जेवून?

कृष्णाकाठ: परवा इथं एकाने लिहिलं की रोझलिन कार्टर, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी, ९६ वर्षं जगल्या त्या साधं राहणं, वेळेवर जेवण आणि एकाच नवऱ्याबरोबर ७७ वर्षांचा संसार यामुळे, आजच्या मुलींनी शिकावं म्हणे. तेव्हापासून डोकं तापलंय. १३व्या वर्षी वडील ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने, गेले, आईला शिवणकामात हात दिला, पुढे शेंगदाण्याच्या धंद्याचे हिशोब सांभाळले, कॅबिनेटच्या बैठकांना बसतात म्हणून टीका खाल्ली, मानसिक आरोग्याच्या कायद्यासाठी झटल्या, तो १९८० मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी नवे अध्यक्ष रेगनच्या काळात बहुतेक सगळा रद्द, तरी बाई गप्प बसल्या नाहीत, मानसिक आजारांनाही इतर आजारांसारखा विमा देणारा २००८ चा कायदा होईपर्यंत मागे लागल्या. यातलं एक अक्षर नाही पोस्टमध्ये!

विक्रोळी८३: पोस्ट माझी आहे. सत्ता गेल्यावर प्लेन्ससारख्या खेड्यात स्वतःच्या जुन्या घरी परत जाऊन राहणं सोपं असतं का? घराणंच साधं. जिमींच्या आई लिलियनबाई साठी उलटल्यावर पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी स्वयंसेवक योजनेतून, नर्स म्हणून आमच्या विक्रोळीत येऊन राहिल्या, रुग्णांची सेवा केली. आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात.

तिखटमीठ: विक्रोळीचं मान्य, पण मग हे सांगा, त्याच गावातले जिमींचे वडील आणि तिन्ही भावंडं स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली. त्यांचं जेवण काय वेळेवर नव्हतं? आणि आणखी एका अध्यक्षांच्या पत्नी बेस ट्रुमन ९७ जगल्या. दीर्घायुष्याचं श्रेय असं वाटता येत नाही.

कृष्णाकाठ: तेच तर! आणि शेवटचं वर्ष बघा. फेब्रुवारी २०२३ पासून नवरा हॉस्पिसमध्ये, म्हणजे आजार बरा करायचे उपचार थांबवून शेवटच्या दिवसांची नुसती काळजी, तीही घरीच, मे महिन्यात बाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचं कुटुंबाने जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये गेल्या. एका घरात दोन आजारी म्हातारी माणसं, त्यांचं कुणीतरी केलंच ना? बाईंनी १९८७ मध्येच काळजी घेणाऱ्यांसाठी संस्था काढली होती. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे, रात्री दोनला उठून दार उघडतात, माहेरी जायचंय म्हणतात. मी शेवटी ब्युरोतून मावशी ठेवल्या तर दीर पुण्यातून फोनवर म्हणतात, आईला परक्याच्या हातात दिलं.

विक्रोळी८३: राग मानू नका ताई पण घरात सून असताना ब्युरोची बाई कशाला? आमच्या आईने आजीचं सगळं एकटीने केलं, कधी तोंडातून ब्र काढला नाही.

तिखटमीठ: काढला नाही की कुणी विचारलं नाही? तुम्ही स्वतः एक रात्र तरी आजीपाशी जागलात का काका?

विक्रोळी८३: माझ्या आईवर बोलायचं काम नाही. माझी नोकरी शिफ्टची होती.

कृष्णाकाठ: मलाही नोकरी आहे!! ती कशी दिसत नाही कुणाला?

एडिसनकर: इथे न्यू जर्सीत सासऱ्यांना घरी हॉस्पिस होतं. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पैसे देतं, नर्स येऊन जाते, औषधं आणि पलंग घरपोच, पण चोवीस तास माणूस कुणी देत नाही, कूस बदलणं, डायपर, भरवणं घरच्यांनीच. माझी बायको त्यात पार खचली. अमेरिकेत सगळं सरकार करतं असं कुणी समजू नये.

विक्रोळी८३: ठीक आहे, मावशी ठेवण्यात पाप नाही, एवढं मानतो. पण देखरेख सुनेचीच हवी.

कृष्णाकाठ: सुनेची का? दोन मुलगे आहेत त्यांना. मी आज दिरांना सांगितलंय, दिवाळीनंतर तीन महिने आई तुमच्याकडे. अजून उत्तर आलेलं नाही.