चार जीपा गेल्या तर नदीचं काय बिघडतं?

उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडंच असतं, त्यातून चार जीपा गेल्या तर काय बिघडतं, असं काहीजण विचारतात म्हणून लिहितोय. मी बोरिवलीला राहतो, मागच्या मे महिन्यात पहाटेची कर्जत लोकल पकडून उल्हास नदीवर गेलो होतो, पाणी जेमतेम घोट्याएवढं, बाकी सगळे गोटे आणि त्यात टिटवीची चार अंडी, घरटं असं काही नाहीच, नुसता खळगा, आणि रंग हुबेहूब खड्यांसारखा, मी दोन हातांच्या अंतरावर उभा असून मला आधी दिसली नाहीत मग स्टिअरिंगवरच्या माणसाला कुठून दिसणार? हातभर पुढे टायरच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि टिटवी डोक्यावर सारखी ओरडत होती.

रेती उपशाचं तर विचारूच नका. रेती पाणी धरून ठेवते, ती उपसली की पात्र खोल जातं, काठ ढासळतात, आसपासच्या विहिरी आटतात. ५ हेक्टरच्या आतल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय, तरी रात्री डंपर निघतातच.

अमेरिकेत निवडक नद्या मोकळ्या वाहत्या ठेवायचा कायदा १९६८ पासून आहे, आपल्याला असा कायदा हवाच. आपली मुंबईतली दहिसर नदीच बघा ना, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे तोवर तळाचे दगड दिसतात, बाहेर पडली की नाला.

तोवर उपसा दिसला तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्याच.