गाडी पळताना एसी गार, ट्रॅफिकमध्ये गरम. घरीच गॅस भरू का?

मांद्रेकर
नमस्कार. गाडी 2012 ची, छोटी, पेट्रोल. दर पंधरा दिवसांनी आईला बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यावं लागतं. तिला दमा आहे. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामाची धूळ, काचा खाली करायची सोय नाही, आणि एसी नेमका तिथेच दगा देतो. मांद्रेहून म्हापशापर्यंत हवा मस्त गार. पर्वरीला अडकलो की पाच मिनिटांत कोमट, मग चक्क गरम. गेल्या खेपेला आई पदर नाकाला लावून बसली होती, कपाळ घामाने भिजलेलं. माझा जीव नुसता कासावीस झाला.

एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, ‘कॉम्प्रेसर गेला, 22 हजार.’ एवढे पैसे आत्ता नाहीत. म्हणून ऑनलाइन आर-134ए गॅसचा डबा आणि नळी मागवली, कालच आली. रविवारी भरावा म्हणतो. कुणी घरी केलंय का? इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरच असतो.

म्हापशाचा पाना
मांद्रेकरबाब, तो डबा आधी बाजूला ठेवा. मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो. तुम्ही सांगताय त्यात मला आधी पंख्याचा संशय येतो.

रेडिएटरच्या पुढे जाळी दिसते ना, तो कंडेन्सर. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरला नाही तर दाब चढत जातो, आणि मग प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. तुमच्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना दोन पंखे असतात, एक रेडिएटरचा, एक एसीचा. म्हणून काटा जागेवर राहतो आणि माणूस फसतो.

गाडी उघड्यावर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू, एसी फुल्ल. बॉनेट उघडून दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. हात आत घालू नका, पंखा कधीही फिरतो. फिरलाच नाही तर गाडी बंद करून फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारा छोटा स्विच: हॉर्नचा रिले तोच नंबरचा असला तर अदलाबदल करून बघा. तरीही नाही तर पंख्याची पिन काढून बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या. याला एक पैसा लागत नाही.

गॅसचं काम मात्र घरी नको. लहान गाडीत सगळा मिळून गॅस अर्ध्या किलोच्या आतच असतो, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. आधीच भरलेल्यात डब्यातला आणखी घातलात तर दाब अजून चढेल, आणि आज धड असलेला कॉम्प्रेसर खरंच जाईल. शिवाय हा गॅस उणे 26 अंशाला उकळतो. नळी निसटून हातावर, डोळ्यावर आला तर गोठून जखम होते.

तिस्क, फोंडा
पानाभाऊंशी सहमत. आमच्याकडे फ्रिजवाल्या ओळखीच्या माणसाने व्हॅक्यूम न करताच, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून न काढताच, गॅस मारला होता. ऐन जुलै महिना, हवेतला ओलावा आत राहिला. एसीचं ऑइल पाणी शोषून घेतं, आतून गंज धरतो. पुढच्या वर्षी सगळंच बदलायची पाळी आली. गॅस खरंच कमी असेल तर पाइपच्या सांध्यांवर बोट फिरवून बघा. गळतीबरोबर ऑइल येतं, त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. डाग सापडला तर आधी गळती काढायची, मग व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस.

आणि दादा, ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर बदला. आईंसाठी तर तो आधी.

मांद्रेकर
पानाबाब, फोंड्याच्या ताई, देव बरे करूं!

पंखा फिरतच नव्हता. फ्यूज चांगला, रिले बदलूनही काही नाही. पिन ओढली तर आत हिरवी कीट, एक टोक पूर्ण खाल्लेलं. घर दर्यापासून दोनशे मीटरवर, गाडी उघड्यावरच असते. बॅटरीवरून वायर दिली तेव्हा मोटर नुसती गुरगुरली, पातं काडीने ढकललं तेव्हा फिरली. मोटर आणि पिन मिळून 2,100 रुपये, बसवली मीच. केबिन फिल्टर काढला तर तांबड्या मातीने भरलेला, वर पिंपळाचं वाळलेलं पान. तोही बदलला.

काल बांबोळीला जाऊन आलो. पर्वरीला वीस मिनिटं अडकलो आणि आई म्हणाली, ‘रे, थोडा कमी कर, थंडी वाजते.’

एक राहिलं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी आहे, पत्र्या बोट लावलं की चुरतात. पाण्याने धुऊ का?

म्हापशाचा पाना
बागेच्या साध्या नळीने, बारीक धारेने. प्रेशर पंप अजिबात नको, पत्र्या आडव्या होतात. खारी हवा ॲल्युमिनियम अशीच खाते, चुरलेला भाग परत येत नाही. पावसाळ्याआधी एकदा गाडी घेऊन या, तिथून गॅस गळतो का ते साबणाच्या पाण्याने बघू. डबाही आणा. सील फोडलं नसेल तर परत करता येतो का बघा.