तीनने पुढे, दहा सेकंद बाकी: फाऊल करायचा की नाही? (2008 ची मेम्फिस-कॅन्सस फायनल)

मिसिसिपीकाठचा:
गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेची मॅच होती. तीन पॉईंटने पुढे, आठ सेकंद बाकी, बॉल समोरच्यांकडे. बाकावरून कोच ओरडला, "फाऊल! फाऊल!" (म्हणजे मुद्दाम नियम मोडून बॉलवालीला अडवा.) पाचही पोरींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. तेवढ्यात समोरच्या उंच पोरीने कोपऱ्यातून थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला, तीन पॉईंटचा बास्केट) टाकला. बरोबरी, मग ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) हरलो. परतताना गाडीत लेक गप्प आणि मी थेट 7 एप्रिल 2008 मध्ये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल, सॅन अँटोनिओचं अलामोडोम, मेम्फिस विरुद्ध कॅन्सस. मी तेव्हा मेम्फिसला एमएस करत होतो. चार देशी पोरं एका अपार्टमेंटमध्ये, कुकरला डाळ-भात आणि कोणीतरी जाताना सोडून गेलेला टीव्ही. दोन मिनिटं बारा सेकंद उरली तेव्हा आम्ही 60-51 ने पुढे. आमच्यातल्या एकाने भारतात फोन लावून "जिंकलो" असं सांगूनही टाकलं. त्या फोनचा विषय आजही काढला जातो.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. शेवटच्या सव्वा मिनिटात आमच्या डग्लस-रॉबर्ट्स आणि डेरिक रोझ यांनी मिळून पाचपैकी चार फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, एकेका पॉईंटचे बिनअडथळा शॉट) घालवले. 10.8 सेकंद असताना रोझने दोनातला एक टाकला, 63-60. कॅन्ससचा शेरॉन कॉलिन्स बॉल घेऊन पळत आला, अडखळला, कसाबसा मारियो चाल्मर्सकडे दिला, चाल्मर्सने रोझच्या हातावरून थ्री मारला. 2.1 सेकंद बाकी, 63-63. ओव्हरटाइममध्ये त्यांनी पहिले सहा पॉईंट घेतले आणि 75-68 ने कप नेला.

सगळे फ्री थ्रोला दोष देतात. माझं म्हणणं वेगळं आहे. फ्री थ्रो हुकतात, माणसाचा हात थरथरतो. पण तीनने पुढे असताना समोरच्याला थ्री मारू द्यायचा की नाही, हे कोच ठरवतो. फाऊल करा, त्याला दोन फ्री थ्रो द्या, तीन मिळणारच नाहीत. आमचे कोच जॉन कॅलिपारी मॅचनंतर म्हणाले की फाऊल करायचं ठरलं होतं. ठरलं होतं, तर झालं का नाही?

जेहॉक_लॉरेन्स:
घ्या, एप्रिल आला की मेम्फिसवाल्यांच्या जखमेवरची खपली निघालीच!

अहो, आम्हा कॅन्ससवाल्यांचंही थोडं श्रेय राहू द्या. ती ठरवलेली चाल होती, आमचे कोच बिल सेल्फ तिला 'चॉप' म्हणायचे. कॉलिन्स पडता पडता राहिला तरी बॉल सोडला नाही, आणि चाल्मर्स नेमका जिथे हवा तिथे होता. रोझचा हात तोंडावर होता. याहून चांगला डिफेन्स काय करणार?

आणि चूकच शोधायची तर आधीची शोधा. 60-53 असताना तुमच्या पोरांनी बाहेरून बॉल आत टाकला तो सरळ कॉलिन्सच्या हातात. त्याने तिथेच थ्री मारला, 60-56. सात पॉईंटने पुढे असलेल्या टीमने केलेला तो बावळटपणा पुढच्या सगळ्याचा बाप आहे.

मिसिसिपीकाठचा:
तो पास मला स्वप्नात येतो, त्याबद्दल बोलू नका.

पॉईंटगार्ड_नागपूर:
मूळ धाग्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. आंतरविद्यापीठ तीन वर्षं खेळलो आहे. बाकावरून "फाऊल" ओरडणं हे कोचिंग नव्हे. पोराचं शरीर लहानपणापासून उलटंच शिकलेलं असतं: हात वर, पाय सरकव, अंगाला लागू नकोस. शेवटच्या दहा सेकंदांत त्याला सांगायचं की आता मुद्दाम लाग. डोकं ऐकतं, हात ऐकत नाहीत.

आमचे सर दर गुरुवारी सरावाच्या शेवटी हेच घ्यायचे. बोर्डावर 3 ने पुढे, घड्याळात 8 सेकंद. बॉलवाला ड्रिबल करत (बॉल जमिनीवर आपटत) असताना, त्याची पाठ किंवा बाजू रिंगकडे असताना, छातीने जवळ जायचं आणि हात बॉलवर मारायचा. दोन्ही हातांनी मिठी मारलीस की मुद्दाम फाऊल, दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. त्याने दोन्ही हातांत बॉल उचलला की मात्र हात मागे, कारण तो लगेच शूट करणार आणि तुम्ही तीन फ्री थ्रो दान करणार. हे शंभर वेळा केल्याशिवाय फायनलमध्ये होत नाही. मेम्फिसने केलं होतं का, ते त्यांनाच माहीत.

शिट्टीवाला:
रेफरीच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. पुण्यात कॉलेजच्या मॅचेसना पंधरा वर्षं शिट्टी फुंकतोय.

कॉलिन्स अडखळला त्या क्षणाची क्लिप पुन्हा पाहा. अंग लागलं असेल. पण बॉलवाला स्वतःच्या वेगाने अडखळतोय, डिफेंडर मागे सरकतोय, आणि दोघांपैकी कोणाच्याही हावभावात फाऊल नाही. तिथे मी शिट्टी वाजवली असती तर कॅन्ससचा कोच म्हणाला असता, "आमची चाल मोडली." अर्धवट फाऊल हा न केलेलाच फाऊल. करायचा तर रेफरीला दिसेल असा करा. आम्ही मनातलं वाचत नाही.

आकडेमोडे:
असहमत, आणि पूर्ण असहमत.

मेम्फिसची त्या हंगामातली फ्री थ्रोची टक्केवारी साठच्या आसपास होती. आता हिशोब करा. समजा सात सेकंद असताना फाऊल केला. कॅन्ससने दोन्ही टाकले, 63-62. मग कॅन्सस तुम्हाला लगेच फाऊल करणार. साठ टक्केवाल्याने दोन्ही टाकायची शक्यता 0.6 × 0.6, म्हणजे 36 टक्के. दोन्ही हुकायची 16 टक्के. ज्या टीमला फ्री थ्रो जमत नाहीत, तिने मॅच फ्री थ्रोवर न्यायची? हे म्हणजे पोहता येत नाही म्हणून विहिरीत उडी मारण्यासारखं झालं.

शिवाय हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने 2009-10 च्या हंगामातल्या अशाच शेवटच्या क्षणांची मोजदाद केली होती. फाऊल करणाऱ्या आणि न करणाऱ्या टीम्सच्या निकालात दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. त्यामुळे "फाऊल न करणं म्हणजे गुन्हा" हे मॅच संपल्यावर सुचलेलं शहाणपण आहे.

मिसिसिपीकाठचा:
हिशोब बरोबर, पण सात सेकंद कोणी सांगितले? घाईने पहिल्याच सेकंदाला फाऊल करू नये, हे मलाही मान्य. कॉलिन्सला मिडकोर्ट ओलांडू द्या, एक-दोन ड्रिबल करू द्या, मग धरा. चार सेकंद उरले की त्यांनी पहिला टाकायचा, दुसरा मुद्दाम हुकवायचा, रिबाऊंड (हुकून परत आलेला बॉल) घ्यायचा आणि बास्केटही करायची. चारही गोष्टी जमायला हव्यात. त्यात आमची 36 टक्केवाली पाळी यायला वेळच उरत नाही.

आकडेमोडे:
आणि रिबाऊंड कोण घेणार होतं? जोई डॉर्सी पाच फाऊल झाल्याने बाद होऊन बाकावर बसला होता. तुमचा सगळ्यात दांडगा माणूस.

मिसिसिपीकाठचा:
हं. हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

कोपऱ्यातली:
फाऊलवरच सगळे अडकलात. माझ्या मते खरी अडचण सवयीची आहे, आणि ती 2019 च्या फायनलमध्ये जास्त नागडी दिसते.

टेक्सास टेक विरुद्ध व्हर्जिनिया, मिनियापोलिस. टेक तीनने पुढे, 68-65. त्या वर्षी टेकइतका कडक डिफेन्स फार थोड्या टीम्सचा होता. व्हर्जिनियाचा टाय जेरोम बॉल घेऊन आत घुसला. कोपऱ्यात डीआंद्रे हंटर उभा. त्याच्यावरचा डिफेंडर जेरोमला अडवायला दोन पावलं आत सरकला. बॉल कोपऱ्यात, थ्री, 68-68, साधारण बारा सेकंद बाकी. ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनिया 85-77.

अरे, जेरोमला टाकू द्यायचा होता ना ले-अप (रिंगजवळून टाकलेला बास्केट)! दोनच मिळाले असते, तरी एकने पुढे. पण तो पोरगा आळशी नव्हता की बावळट नव्हता. त्याने तेच केलं जे कोचने त्याला नोव्हेंबरपासून शिकवलं होतं: बॉल आत आला की मदतीला धाव. वर्षभर ज्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यानेच घात केला. मी स्वतः मुलींना शिकवते. शेवटच्या मिनिटासाठी वेगळा डिफेन्स वेगळ्या नावाने शिकवावा लागतो. आम्ही त्याला "कुंपण" म्हणतो. "कुंपण" ऐकलं की सगळ्या थ्रीच्या रेषेवर, आत कोणी गेली तर जाऊ द्यायची, मागे वळून बघायचंसुद्धा नाही. पहिले पंधरा दिवस एकीलाही जमत नाही.

पॉईंटगार्ड_नागपूर:
"कुंपण" उचलतोय, हक्क मागू नका.

जेहॉक_लॉरेन्स:
फाऊलवाल्यांसाठी एक काडी टाकून जातो. 2022 ची फायनल, न्यू ऑर्लिन्स, कॅन्सस विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. सोळाने मागे पडून आम्ही 72-69 वर आलो. 4.3 सेकंद असताना आमच्याच गड्याचा पाय रेषेबाहेर गेला आणि बॉल त्यांना. तीनने पुढे, 4.3 सेकंद. म्हणजे तुमची आदर्श वेळ! बिल सेल्फ, ज्यांना 2008 ने कप दिला, त्यांनी काय केलं? फाऊल नाही. सरळ डिफेन्स. केलेब लव्हचा थ्री हुकला, आम्ही चॅम्पियन.

म्हणजे ज्या माणसाला फाऊल न झाल्यामुळे कप मिळाला, त्यानेच चौदा वर्षांनी फाऊल केला नाही.

मिसिसिपीकाठचा:
आणि तो थ्री गेला असता तर तुम्ही आज हा धागा काढला असता.

जेहॉक_लॉरेन्स:
काढला असता. पण गेला नाही. :)

बाय द वे, तुमच्या त्या हंगामातले 38 विजय नंतर रेकॉर्डमधून खोडले गेले. कागदावर तर तुम्ही त्या फायनलला नव्हताच.

मिसिसिपीकाठचा:
हे कमरेखाली मारणं झालं. डाळ-भात आम्ही खरंच खाल्ला होता, तो खोडून दाखवा.

शिट्टीवाला:
जेहॉक, 2012 विसरू नका. कॅलिपारी केंटकीला गेले आणि फायनलमध्ये तुम्हालाच 67-59 ने हरवलं.

पेठेतला_प्रेक्षक:
मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण दोन दिवस हा धागा वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. पुढे असलेल्या टीमने स्वतःहून नियम मोडायचा आणि त्याला हुशारी म्हणायचं, हे तुम्हाला खटकत नाही?

पॉईंटगार्ड_नागपूर:
कबड्डीत वेळ काढायला रेडर रेषेवर नुसता नाचतो, ते खटकतं का? फाऊलची किंमत नियमातच लिहिली आहे, दोन फ्री थ्रो. किंमत मोजून वस्तू घेतली, चोरी नाही केली.

कोपऱ्यातली:
मला थोडं खटकतं, खरं सांगायचं तर. म्हणूनच "कुंपण".

दोन_पूर्णांक_एक:
फक्त नोंद: 1992 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लेटनरने केंटकीविरुद्ध तो प्रसिद्ध शॉट मारला तेव्हाही घड्याळात 2.1 सेकंदच होते. केंटकीचे कोच रिक पिटिनो यांनी बॉल आत टाकणाऱ्या ड्यूकच्या ग्रँट हिलसमोर माणूसच उभा केला नव्हता. हिलने निवांत अख्ख्या कोर्टभर पास फेकला. फाऊल करायचा की नाही यावर वाद होऊ शकतो. पास टाकणाऱ्याच्या तोंडासमोर हात नाचवायला माणूस हवा, यावरही वाद होतो हे मला आजवर कळलेलं नाही.

आकडेमोडे:
होतो. तो माणूस मागे ठेवला तर लेटनरभोवती एक जास्त मिळतो. पिटिनोंचा हिशोब तोच होता. वेगळा धागा काढा, येतो.

मिसिसिपीकाठचा:
सगळ्यांचे आभार. माझं मत अर्धं बदललंय: डॉर्सी बाहेर आणि साठ टक्क्यांचे शूटर, एवढ्यावर फाऊल हा बिनचूक उपाय नव्हता, हे मान्य. पण "ठरलं होतं, पण झालं नाही" याची जबाबदारी मी अजूनही बाकावरच टाकतो.

धागा लेकीच्या कोचला भाषांतर करून सांगितला. काल सरावात त्याने पंधरा मिनिटं हेच घेतलं, 3 ने पुढे, 8 सेकंद. लेक घरी येऊन विचारते, "बाबा, फाऊल केल्यावर त्या मुलीला सॉरी म्हणायचं का?"

शिट्टीवाला:
म्हणायचं. पण शिट्टी वाजल्यावर.