अपाचे असताना प्रचंड कशाला?

कोणीतरी विचारलंय की अमेरिकेची अपाचे अटॅक हेलिकॉप्टरं घेतलीच आहेत तर मग आपल्या देशी ‘प्रचंड’ अटॅक हेलिकॉप्टरवर एवढा खर्च का, त्यावर थोडं लिहितो. मुळात प्रचंड आलं ते कारगिल युद्धाच्या अनुभवातून. १९९९ला तेवढ्या उंचीवर नीट लढू शकेल असं अटॅक हेलिकॉप्टरच आपल्याकडे नव्हतं, एमआय-१७ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांना रॉकेट्स लावून पाठवली आणि त्यातलं एक २८ मेला पाडलं गेलं, चौघे गेले. वर हवा विरळ, त्यामुळे पंख्याला उचल कमी मिळते आणि इंजिनाचा दमही कमी पडतो, म्हणून वजन कमी ठेवणं हाच सगळा खेळ. प्रचंड भरून साधारण ५.८ टन, अपाचे १० टनांच्या वर, आणि प्रचंड ५००० मीटरवर हत्यारांसकट उतरून परत उडू शकतं. अपाचे भारीच आहे, पण त्याची जागा वेगळी.

पहिलं उड्डाण मार्च २०१०, हवाई दलात ऑक्टोबर २०२२ला, म्हणजे बारा वर्षं गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मार्च २०२५ला १५६ची ऑर्डर निघाली, त्यातली ९० आर्मीला.

आणि आपल्या गोंयकारांसाठी मुद्दाम सांगतो, याच्यात दोन शक्ती इंजिनं असतात, ध्रुव या आपल्या दुसऱ्या देशी हेलिकॉप्टरमध्येही तीच, आणि त्यांच्या ओव्हरहॉलसाठी (पूर्ण उघडून दुरुस्ती) एचएएल ही आपली सरकारी विमान कंपनी आणि फ्रान्सची इंजिन कंपनी साफ्रान यांचा जॉइंट व्हेंचर कारखाना आपल्या सत्तरीत होंड्याला आहे! आयटीआय केलेल्या पोरांनी तिकडे जरूर लक्ष ठेवा.